कण्हेल त्यानं हौदा उकरायचा

नर्सनं आबांच्या बोटाला लावलेला चिमटा नीट केला आणि विचारलं, "आजोबा, दुखणं किती? शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे अजिबात सोसत नाही."

आबांनी छताकडे बघत सांगितलं, "शून्य."

ती माझ्याकडे बघून हसली. आदल्याच दिवशी आबांच्या बरगड्या फाकवून डाव्या फुफ्फुसातली नारळाएवढी पाण्याची गाठ काढली होती. कुशीतून निघालेली जाड नळी खाटेखालच्या बाटलीत बुडबुडे सोडत होती. अशा माणसाला शून्य दुखत असेल तर तो एक तर देव, नाही तर खोटारडा. बिचाऱ्या नर्सला पहिलं खरं वाटलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट सकाळपासून ओरडत होता, त्याला तिनं आमच्याकडे बोट दाखवून सांगितलं, ते आजोबा बघा, आवाज तरी येतोय का त्यांचा.

खरं सांगायचं तर मलाही अभिमानच वाटला. आमच्या घरात हट्ट आणि अभिमान एकाच ताटात जेवायचे, कोणता घास कुणाचा ते कळायचं नाही.

आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव वस्ताद. शिराळ्याच्या बाजूला आमचं गाव. वेशीवर मारुतीचं देऊळ आणि देवळाला लागून आबांची तालीम. तालमीत नियम बरेच होते, पण पंचक्रोशीला तोंडपाठ होता तो एकच: कण्हेल त्यानं हौदा उकरायचा. हौदा म्हणजे तालमीतला तांबड्या मातीचा खड्डा, ज्यात कुस्ती खेळतात. हळद, ताक, तेल घालून ती माती सांभाळायची आणि खोऱ्यानं उकरून भुसभुशीत ठेवायची. एरवी हे काम पोरं मिळून करायची. पण लढताना ज्याच्या तोंडून 'आई गं' निघेल, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळा हौदा एकट्यानं उकरायचा, आणि बाकीच्यांनी कडेला बसून बघायचं. आबांचं म्हणणं असं, की तोंडातून आवाज गेला की त्याच्या मागून दम जातो, आणि दम गेला की पाठ मातीला लागलीच म्हणून समजा.

त्या दुपारी भूल देणाऱ्या मुजावर मॅडम आल्या. ऑपरेशनच्या वेळी आबांच्या पाठीच्या कण्यात बारीक नळी घालून दुखणं बधिर करायचा त्यांचा बेत होता. पण उभा जन्म मानेवर माणसं झेलून आबांचे मणके असे घट्ट बसले होते, की सुईला वाटच मिळाली नाही. दुसरं एक औषध दिलं, तर आबांना उलट्या झाल्या आणि श्वास मंदावला. तेव्हा दुखण्याचं काय करायचं, हा घोर मॅडमना होता. आबांना नव्हता.

मॅडमनी आबांना काही विचारलं नाही. खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून त्या नुसत्या आबांच्या पोटाकडे आणि छातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जरा खोकून दाखवा. आबा गावच्या बैठकीत खाकरतात तसे खाकरले. मॅडमनी प्लास्टिकचं तीन चेंडूंचं यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि नळी तोंडात धरून श्वास आत ओढायला सांगितला. एक चेंडू जेमतेम हलला आणि खाली बसला. आबा म्हणाले, ही पोरांची खेळणी पोरांना द्या. आणि मॅडमना आपल्या घरचं पाणी कळावं म्हणून त्यांनी माझी गोष्ट सांगायला घेतली.

ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. नववीत असताना जोतिबाच्या जत्रेत माझी कुस्ती लागली होती. आमच्या भागात तेव्हा पोरींच्या कुस्त्या नव्यानं सुरू झाल्या होत्या आणि ती बघायला माणूस झाडावर चढलं होतं. समोरच्या पोरीनं मला ढाक मारली, मी डाव्या खांद्यावर पडले आणि माझ्या तोंडून 'आई गं' गेलं. आबा मैदानाच्या कडेवरून म्हणाले, ऊठ, माती झटक. मी उठले, कुस्ती जिंकले. आबांनी मला खांद्यावर बसवून मैदानात फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी हातात खोरं दिलं.

"पोटची पोर म्हणून सूट न्हाई दिली," आबा मॅडमना म्हणाले. "सगळा हौदा उकरला हिनं. हासळीचं हाड मोडल्यालं होतं, ते मागनं सूज चढल्यावर कळलं. पर हूं न्हाई का चूं न्हाई."

ही गोष्ट गावात सांगितली की माणसं आबांकडे बघायची, वा वस्ताद म्हणायची, आणि मग माझी पाठ थोपटायची. मॅडम वा म्हणाल्या नाहीत. त्यांनी आबांकडे बघितलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गळ्याजवळ, जिथं हाड वाकडं सांधून गाठ आली आहे तिथं. मी पदर ओढतात तशी ओढणी वर घेतली आणि हसले. का हसले ते मला आजही सांगता येणार नाही. पण आपल्या अंगावरचं काहीतरी उघडं पडलंय आणि ते आपल्यालाच आधी दिसायला हवं होतं, अशी लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

दुसऱ्या दिवशी आबांना ताप चढला. मॅडम एक्स-रे घेऊन आल्या. डाव्या बाजूचा खालचा भाग पांढराफटक दिसत होता. त्यांनी आबांना समजेल असं सांगितलं, "वस्ताद, तुम्ही दुखणं सोसत नाही आहात, तुम्ही दम कोंडून बसलाय. छाती हलली की दुखतं, म्हणून तुम्ही छातीच हलवत नाही. कुस्तीत ते चालत असेल. इथं खालचं फुफ्फुस मिटलंय आणि त्यात कफ साठलाय. खोकला नाहीत तर ते फुलायचं नाही, आणि दुखणं कमी झाल्याशिवाय तुम्ही खोकणार नाही."

फुललं नाही तर काय, असं मी विचारलं. श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल, त्या म्हणाल्या, आणि या वयात यंत्रावरून उतरणं सोपं नसतं.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी दोन दिवस सगळा वॉर्ड आबांचं कौतुक करत होता, तीच त्यांच्या जिवावर उठली होती. पैलवानाला पहिला धडा दम धरायचा. समोरच्यानं कितीही आवळलं तरी श्वास आत कोंडायचा आणि त्याला थकू द्यायचं. आबा तेच करत होते, फक्त समोर कुणी थकणारं नव्हतं.

मॅडमनी केटामाइन नावाचं औषध सुचवलं. अगदी थोड्या मात्रेत, सलाईनच्या नळीतून हळूहळू जाणारं, श्वास न दाबणारं. आबांनी एकच प्रश्न विचारला.

"त्यात नशा हाय का?"

मॅडम खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तेव्हा मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "थोडं तरंगल्यासारखं वाटेल. काहींना चित्रविचित्र दिसतं. औषध थांबवलं की जातं."

"मग नगं."

आबांनी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात घातलं नव्हतं. तंबाखूच्या वासावरून त्यांनी पोरं तालमीबाहेर काढली होती. मी म्हणाले, आबा, घ्या की. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जसं काही मी विरोधी पार्टीच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले होते. "तू तरी असं म्हणू नगंस," ते म्हणाले, आणि विषय संपला.

त्याच दिवशी भेटायच्या वेळेला सर्जेराव आला. तो आबांचा सगळ्यात थोरला पठ्ठ्या, आबा नसताना तालीम तोच बघायचा. मोसंब्यांची पिशवी घेऊन, केस चापून, तो खाटेच्या बाजूला देवळात उभं राहतात तसा उभा राहिला. शेजारच्या पेशंटची बायको त्याला सांगायला लागली, तुमचे वस्ताद म्हणजे वाघ आहेत बघा. सर्जेरावाची छाती फुगली. नेमकी त्याच वेळी व्यायाम करून घेणारी मुलगी आली. तिनं आबांना पाठीला हात देऊन बसवलं, छातीशी उशी धरायला लावली आणि म्हणाली, चला आजोबा, आता मनापासून खोका.

पठ्ठ्या समोर उभा. आबांना मागं कसं हटता येणार? त्यांनी श्वास ओढला आणि खोकले.

"आई गं..."

हळू नव्हतं ते. सगळ्या वॉर्डानं ऐकलं. शेजारचा ओरडणारा पेशंटसुद्धा गप्प झाला. सर्जेराव खाली वाकून पिशवीतली मोसंबी नीट लावायला लागला, जी आधीच नीट होती. आबांनी उशी सोडली, भिंतीकडे तोंड केलं आणि चादर कानावर ओढली. जाताना सर्जेरावानं चादरीवरूनच त्यांचे पाय शिवले आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी, क्षणभर, माझ्या आत कुठंतरी बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला इतकी शरम वाटली की मी आबांच्या अंगाला हात लावायलाही धजले नाही.

मुजावर मॅडमना हे नर्सकडून कळलं असणार. त्या आल्या, स्टूल ओढून भिंतीच्या बाजूनं, आबांच्या तोंडासमोर बसल्या. म्हणाल्या, "वस्ताद, मी मुजावराची पोर, चुकलं तर सांगा. लक्ष्मण मूर्च्छा येऊन पडला तेव्हा मारुतीनं त्याला सोस म्हणून सांगितलं का?"

आबांनी चादरीखालूनच नाही अशी मान हलवली.

"औषध आणायला गेला ना? आणि नेमकं झाड ओळखता येईना, तर अख्खा डोंगर उचलून आणला. त्यात कुठल्या झाडाला नशा होती, कुठल्या नाही, त्यानं निवडून बघितलं का?"

चादरीखालून आबांचा आवाज आला, तो रागावलेला नव्हता, हरलेला होता. "लावा काय लावायचं ते. तसंबी आता काय राहिलंय."

औषध सुरू करताना मॅडम तिथंच थांबल्या. आबांना म्हणाल्या, जे दिसेल ते बघा, अडवू नका. आणि मला म्हणाल्या, तू बोलत राहा, त्यांच्या आवडीचं बोल. मला तालमीशिवाय काय येतं? मी सांगत राहिले, की पोरांनी हौद्यात ताक घातलंय, लिंबं पिळलीत, वाघ्या कुत्रं दारात झोपलंय. आबांची ती गाठ कुत्र्यापासूनच झाली असणार असं डॉक्टर म्हणाले होते, तरी वाघ्याचं नाव ऐकून आबांच्या ओठांवर हसू आलं.

"पंखा लई लांब गेला गं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "माझा हात हाय न्हवं जाग्यावर?" मी तो हातात घेतला. मग त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. ती आठी मी इतके दिवस बघत होते की ती त्यांच्या तोंडाचाच भाग वाटायला लागली होती.

"वैजे, दुखतंय बघ," आबा नवलानं म्हणाले. "पर ते तिकडं दुखतंय. शेजारच्या घरात कुणाचं तरी दुखावं तसं."

मॅडमनी उशी त्यांच्या छातीशी दिली. आबा खोकले. पुन्हा खोकले. अडकलेला कफ सुटून आला, मी भांडं धरलं. यंत्रातला एक चेंडू वर गेला, मग दुसरा. मॅडमनी माझ्या खांद्यावर थाप दिली आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

आबा रडत होते. डोळे उघडे होते आणि पाणी कानांकडे वाहत होतं. मी विचारलं, फार होतंय का, बोलावू का मॅडमना? त्यांनी मान हलवली.

"गेल्यावर कळलं," ते म्हणाले. "केवढं व्हतं ते, गेल्यावर कळलं."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. सलाईन लावलेला हात उचलून माझ्या गळ्यापाशी आणला. ओढणी बाजूला झाली. त्यांचं बोट हाडाच्या गाठीवर येऊन थांबलं. त्या गाठीला त्यांनी या आधी कधीही हात लावला नव्हता.

"त्या टायमाला तुला असंच दुखलं व्हतं का?"

मी विचारही केला नाही. "न्हाई आबा. काय न्हाई दुखलं," मी म्हणाले. शिकवलेल्या डावासारखं ते आपोआप आलं.

त्यांनी बोट काढून घेतलं. बरं, म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. त्यांचं ते विचारणं मी औषधावर ढकललं. पण माझा चेहरा तापला होता. आयुष्यात एकदाच माझ्या बापानं मला काही विचारलं होतं, आणि मी त्याच्यासमोर खोटं बोलले होते. त्याचं मन राखायला बोलले असते तर गोष्ट वेगळी. मी बोलले ते नियम मोडू नये म्हणून.

आबांचं फुफ्फुस फुललं. औषधाची मात्रा कमी करत आणली, ताप उतरला, नळी निघाली. नर्सनं पुन्हा विचारलं, दुखणं किती? आबा थोडा विचार करून म्हणाले, "सहा." ती बिचारी घाबरून डॉक्टरांना बोलवायला पळाली. आबांना पहिल्यांदा खरं बोलल्याचं असं फळ मिळालं.

घरी आल्यावर मात्र आबा तालमीकडे फिरकेनात. परड्यात खुर्ची टाकून बसायचे. आई म्हशीची धार काढताना एकटीच बोलत राहायची. पोरं भेटायला आली की आबा झोपल्याचं सोंग घ्यायचे. आई मला म्हणाली, काहीतरी लागलंय गं यांच्या मनाला. सर्जेराव दारातून परत जायचा आणि जाताना माझ्याकडे असं बघायचा की जणू चोरी त्यानंच केली होती. वस्ताद कण्हले हे त्यानं गावात कुणालाही सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. आबांनाही माहीत असावं. पण झाकलेलं आहे म्हणून ओझं हलकं होत नाही.

एका शनिवारी सकाळी आबांनी धोतर नेसलं, उशी छातीशी धरली आणि मला म्हणाले, चल. आम्ही तालमीत पोचलो तेव्हा जोर-बैठका चालल्या होत्या. वस्तादांना बघून पोरं उभी राहिली. आबांनी चपला काढल्या, कोपऱ्यातल्या मारुतीला हात जोडले, हौद्यात उतरले आणि सर्जेरावाला म्हणाले, "खोरं आण."

सर्जेराव हलला नाही. डॉक्टरांनी वजन उचलायला मना केलंय, असं काहीतरी तो पुटपुटला.

"दवाखान्यात मी कण्हलो," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तू हुतास तिथं. ऐकलंस न्हवं?"

सर्जेरावानं खाली बघितलं. "न्हाई वस्ताद. मी काय न्हाई ऐकलं."

"मातीत उभा राहून खोटं बोलू नगंस."

त्या वाक्याला मीच दचकले. आबा स्वतःच कोपऱ्यात गेले, उशी मारुतीच्या पायाशी ठेवली, खोरं घेतलं आणि हौद्याच्या मधोमध येऊन मातीत मारलं. एक घाव झाला. मी पुढं झाले, तर त्यांनी हातानं थांबवलं. दुसरा घाव मारताना त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. तोंड वाकडं झालं. आम्ही सगळे त्यांच्या ओठांकडे बघत होतो. आता ते ओठ मिटणार हे आम्हाला ठाऊक होतं, तशीच आम्हाला सवय होती.

आबांनी ओठ मिटले नाहीत.

"आई गं," ते म्हणाले. मोठ्यानं, मुद्दाम, मारुतीसमोर. आणि मग पोरांकडे बघून म्हणाले, "बघा. दम हाय अजून. न्हाई गेला."

कुणी हसलं नाही. एक पोरगं रडकुंडीला आलं होतं, ते दुसरीकडे बघायला लागलं. आबा खोऱ्याचा आधार घेत हौद्याच्या कडेवर बसले. घामानं अंग भिजलं होतं. मी ओढणीनं त्यांचं कपाळ पुसू लागले, तर त्यांनी माझा हात धरला. सगळी तालीम ऐकत होती, आणि तेच त्यांना हवं होतं.

"वैजे, आता मातीत हाईस," ते म्हणाले. "खरं सांग. त्या दिवशी दुखलं व्हतं का?"

माझ्या तोंडात तेच उत्तर आलं, तयार, घोटवलेलं. मी ते गिळलं.

"व्हय, आबा. लई दुखलं व्हतं."

आबांनी मान हलवली. "आन दुसऱ्या दिवशी? उकरताना?"

"उकरताना त्याहून जास्त," मी म्हणाले.

जत्रेतल्या त्या कुस्तीपासून त्या सकाळपर्यंत या तालमीत मान खाली घालायची ती आम्हीच. त्या दिवशी पहिल्यांदा आबांनी घातली, आणि हौदा उकरायचा तसाच राहिला.